पंधरा मिनिटं पुढं पळणारा कम्प्युटर

"रफिकभाऊ, ते पुन्हा पंधरा मिनिटं पुढं गेलं."

नमस्कार नाही, कसे आहात नाही. फोनवर वैशालीताई गावंडे होत्या आणि आवाजावरूनच कळलं की आज आपली खैर नाही. मी तेव्हा दुकानात एका शाळेच्या प्रिंटरमधून उंदराचं घरटं उपसत बसलो होतो. हात काळे, फोन खांद्यात दाबलेला.

"ताई, सेल नवीन टाकला, विंडोज नवीन टाकलं. आता पुढं जायले त्याले पाय फुटले काय?"

"ते मले काय विचारता? मेकॅनिक तुमी आहात का मी? सोमवारी लॉगिन नाई झालं तं मले पुण्याले जा लागते. पोरगी अठी, नवरा अठी, अन् मी तथी. मंग तुमीच येत जा रोज सकाळी माह्या पोरीची वेणी घालाले."

मी म्हटलं, येतो. प्रिंटर तसाच ठेवला. उंदीर तसाही परत येणारच होता.

अकोल्यात जठारपेठेत माझं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. केस काळे होते तेव्हापासून हा धंदा करतोय. लोकांना वाटतं आम्ही मशीन दुरुस्त करतो. खरं तर निम्म्या वेळा प्लग सैल असतो, आणि उरलेल्यातल्या निम्म्या वेळा कोणीतरी चहा सांडलेला असतो आणि कबूल करत नसतो. मशीनमध्ये खरोखरचा बिघाड सापडला की मला मनापासून आनंद होतो, कारण मशीन खोटं बोलत नाही.

वैशालीताई अमरावतीची लेक, अकोल्याची सून. पुण्याच्या एका कंपनीसाठी विम्याचे क्लेम तपासायचं काम करतात, घरी बसून, स्वतःच्या कम्प्युटरवर. नवऱ्याचं बार्शीटाकळीला कृषी केंद्र आहे. तो सकाळी जातो तो दिवस मावळल्यावर येतो. घरात सासू, सासरे आणि शाळेत जाणारी मुलगी. लग्नानंतर बरीच वर्षं घरात काढून, मग पुन्हा अभ्यास करून त्यांनी ही नोकरी मिळवली होती. मला एकदा म्हणाल्या होत्या, "भाऊ, या खुर्चीत बसली की मी कोणाची सून नाई न् कोणाची माय नाई. मी फक्त वैशाली." अशा माणसाची खुर्ची हलायला लागली की ते फोनवर नमस्कार करत नाहीत, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही.

आता लॉगिनचं लफडं काय ते सांगतो. कंपनीचं एक सॉफ्टवेअर ताईंच्या कम्प्युटरमध्ये आहे. सकाळी कम्प्युटर चालू केला की ते आपोआप जागं होतं आणि पुण्याच्या सर्व्हरचं दार वाजवतं. दारावर जणू एक वॉचमन बसलाय. तो आधी आपलं घड्याळ बघतो, मग तुमचं बघतो. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक दिसला की म्हणतो, हा माणूस बनावट पास घेऊन आलाय. नुसतं आत घेत नाही एवढंच नाही, खातंच कुलूपबंद करतो. मग पुण्याला फोन करा, तिथला माणूस जागेवर नसतो, तो आला की त्याला सगळं पहिल्यापासून सांगा, तेव्हा कुलूप उघडतं. तोवर जेवणाची वेळ झालेली. ताईंचे असे बरेच दिवस अर्धे गेले होते. शेवटी कंपनीनं कळवलं की तुमच्या घरचा कम्प्युटर भरवशाचा नाही, सोमवारपासून नीट सुरू झाला तर ठीक, नाहीतर पुण्यात ऑफिसला येऊन बसा. आणि ते जमत नसेल तर नोकरी सोडा, हे न लिहिताही समजत होतं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी जे करायचं तेच केलं. सेल बदलला. कम्प्युटरच्या मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो. लाईट गेली, बटन बंद केलं, तरी आतलं घड्याळ त्या सेलवर चालत राहतं. सेल मेला की घड्याळ मागं पडतं, इतकं मागं की कम्प्युटरला वाटतं आपण अजून जन्मलोच नाही. आता नीट वाचा: मागं पडतं. पुढं जात नाही. हे मला माहीत होतं. पण आमच्या धंद्यात घड्याळाची तक्रार म्हणजे सेल, जसं डॉक्टरकडे थकवा म्हणजे सलाईन. वर मी ताईंना टोमणाही मारला. कम्प्युटर त्यांच्या भावानं अमरावतीहून बसवून पाठवला होता.

"अमरावतीच्या माणसानं बसवला नं, मंग सेल जुनाच टाकला असन."

"अमरावतीले नावं ठेवू नका भाऊ," ताई म्हणाल्या. "घड्याळ अकोल्यात आल्यावर बिघडलं. तिकडे चांगलं होतं."

टाइम मोबाइलशी जुळवला आणि निघालो. निघताना त्यांच्या हॉलमधल्या घड्याळाकडे नजर गेली आणि बॅग उचलून पळालोच. पुढच्या गिऱ्हाईकाला उशीर होत होता. गाडी हाणत पोचलो, तर तिथले साहेब अजून आंघोळीत. त्यांच्या बायकोनं दार उघडलं, मला पाहून दचकली आणि काळजीनं म्हणाली, "रफिकभाऊ, तब्येत बरी आहे नं?" मी कोणाकडे वेळेआधी पोचल्याचं अकोल्यात कोणी पाहिलेलं नव्हतं. मलाही नवल वाटलं, पण म्हटलं आज सिग्नल चांगले लागले असतील.

दुसऱ्या दिवशी कम्प्युटर पुन्हा पंधरा मिनिटं पुढं. दुसऱ्या खेपेला बघितलं तर विंडोजमधला एक स्विच बंद दिसला. हा स्विच चालू असला की कम्प्युटर इंटरनेटवरून बरोबर टाइम आपोआप घेत राहतो. मी तो चालू केला आणि दोष व्हायरसवर ढकलला. व्हायरस बिचारा तक्रार करायला येत नाही. तरी मनाचं समाधान होईना, म्हणून सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकलं. आणि कसलेल्या मेकॅनिकसारखा घरातल्या सगळ्यांना हॉलमध्ये उभं करून प्रश्नही विचारला.

"या कम्प्युटरच्या टाइमले घरात कोणी हात लावते काय?"

ताई म्हणाल्या नाही. काकू, म्हणजे ताईंच्या सासूबाई, म्हणाल्या, मले तं ते चालू कुठून होते तेही माहीत नाही. मुलीनं मान हलवली. ताईंचे सासरे गावंडे काका सोफ्यावर ताठ बसले होते. पांढरा सदरा, मनगटावर चावीचं घड्याळ. त्यांना माझा प्रश्नच आवडला नाही.

"मी असल्यावर टाइमले हात लावाची कोणाची हिंमत आहे?" ते म्हणाले.

मी म्हटलं, बरोबर आहे काका. चहा घेतला आणि आलो. आणि गुरुवारी ताईंचा तो फोन आला.

त्या दिवशी जाऊन मी सरळ डबा उचलला. आमच्याकडे लोक त्या डब्याला सीपीयू म्हणतात, तोच. ताईंनी शुक्रवारची रजा टाकली. दुकानात टेबलावर कम्प्युटर चालू करून ठेवला आणि येता-जाता त्याच्या घड्याळाकडे बघू लागलो, तापाच्या पेशंटचं कपाळ बघावं तसं. एक सेकंदही इकडचं तिकडे नाही. बंद करून चालू केला. प्लग ओढून काढला. दुपारी खरंच लाईट गेली, म्हणजे तीही परीक्षा झाली. शनिवारी दुपारपर्यंत टाइम माझ्या मोबाइलला चिकटून होता. मशीन एकदम निर्दोष.

यावर आमच्या धंद्यात एकच निष्कर्ष निघतो. बिघाड घरात आहे. मला वाटलं, अर्थिंग खराब असेल, नाहीतर व्होल्टेज खालीवर होत असेल. व्होल्टेजमुळे घड्याळ रोज मोजून पंधराच मिनिटं कसं पुढं जाईल, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. मशीनचा बिघाड इतका हिशेबी कधी नसतो. हिशेबी माणूस असतो.

शनिवारी संध्याकाळी डबा आणि व्होल्टेज मोजायचा मीटर घेऊन गावंडेंकडे गेलो. आजवर मी तिथं सकाळी नाहीतर दुपारीच गेलेलो. डबा जोडला, टाइम तपासला, बरोबर होता. मीटर लावला, तोही बरोबर. ताई आत कणीक भिजवत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "भाऊ, मी बॅग भरून ठेवू का नको ठेवू, तेवढं सांगा." हसत म्हणाल्या, पण ते हसणं ऐकवत नव्हतं.

काकूंनी देवाजवळ दिवा लावला आणि मला चहा-बिस्किटं दिली. "घे बाप्पा, पहिल्यांदाच संध्याकाळचा आला."

मी चहात बिस्कीट बुडवलं आणि त्याच वेळी गावंडे काका आतल्या खोलीतून बाहेर आले. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरलं. स्टुलावर चढले, हॉलमधल्या घड्याळाची काच उघडली, काटा किंचित सरकवला, काच पुसली, बंद केली. मग स्वयंपाकघरातलं घड्याळ. मग झोपायच्या खोलीतला गजर. मग बाथरूमच्या दारावरचं घड्याळ. बाथरूमला घड्याळ असलेलं घर मी पहिल्यांदाच पाहत होतो. गुरवानं एकेक देव पुसत जावं तशा शांतपणे त्यांची ही फेरी चालली होती. आणि फेरी संपल्यावर ते कम्प्युटरच्या खुर्चीत बसले.

माउस धरला. कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक. सेटिंग उघडली. आपोआप टाइमचा स्विच बंद केला. मिनिटं बदलली. ओके. आणि पत्त्यांचा गेम उघडून लाल राणीवर काळा गुलाम ठेवला.

माझं बिस्कीट चहात पडलं.

"काका, हे काय करून राहिले तुमी?"

"घड्याळ मिळवून राहिलो."

"मी आत्ताच तं मिळवलं."

"तू मांगं ठेवलं होतं," काका पत्त्यांवरची नजर न काढता म्हणाले. "तू दरवेळेसच मांगं ठेवतं. मी काई बोललो नाई. म्हटलं, मेहनती पोरगा आहे, पण टाइमचं काई समजत नाई त्याले."

आता पन्नाशी ओलांडलेल्या मेकॅनिकनं यावर काय बोलावं? मी गावभर त्या कम्प्युटरला नावं ठेवत होतो आणि काका मनातल्या मनात मला.

"काका, मी तुमाले विचारलं नव्हतं काय, टाइमले कोणी हात लावते म्हणून?"

"मंग? कोणी नाई लावत. मी बिघडलेलं नीट करतो. त्याले काय हात लावणं म्हणतेत?"

काका पूर्वी इथल्या एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत टाइमकीपर होते. कापसाची रुई आणि सरकी वेगळी करून गाठी बांधायची फॅक्टरी. तिचा भोंगा काका वाजवायचे. पहिला भोंगा पाळी सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी, म्हणजे भाकर बांधा आणि निघा. दुसरा भोंगा झाला की गेट बंद, त्या दिवसाचा खाडा. फॅक्टरी बंद पडली, भोंगा भंगारात गेला, पण काकांनी घरात पहिल्या भोंग्याचा टाइम चालू ठेवला. घरातली सगळी घड्याळं पंधरा मिनिटं पुढं. मी त्या दिवशी आंघोळीतल्या साहेबांच्या दारात का जाऊन उभा राहिलो, ते मला तेव्हा कळलं.

"बरोबर टाइम दाखवते ते घड्याळ उशीरच करते, रफिक," काका मला समजावून सांगत होते. "दुसऱ्या भोंग्यावर घरून निघणारा माणूस गेटच्या बाहेरच राह्यते. सूनबाईचं पुण्याचं ऑफिस आहे. मोठे लोक आहेत ते. तिचा खाडा होऊ नये म्हणून मी रोज न चुकता मिळवतो. पाहुणे असो, ताप असो."

मागं कसलासा आवाज झाला. वैशालीताई दारात उभ्या होत्या, हाताला कणीक तशीच.

"बाबा, हे तुमी करत होते?"

"काहून, काय झालं?"

"माह्यं लॉगिन यानंच बंद होते बाबा. यानंच मले पुण्याले बोलावून राहिले."

"मंग मले आधी नाई सांगा लागत?"

"सांगतलं तं होतं. कम्प्युटरचं घड्याळ रोज चुकते म्हणून."

"चुकते म्हणूनच तं मी रोज मिळवत होतो."

काकूंनी पदर तोंडाला लावला, त्या हसत होत्या की काय ते मी बघितलं नाही. ताईंना ओरडायचं होतं, ते दिसत होतं. पण ओरडणार काय? तो स्विच, ती सेटिंग, माउसचं डावं-उजवं बटन, हे सगळं काकांना त्यांनीच शिकवलं होतं. रिटायर झाल्यावर सासरे दिवसभर छताकडे बघत बसायचे म्हणून त्यांनी एक महिना मागं लागून कम्प्युटरवर बसवलं होतं. आणि घरातली घड्याळं पुढं असतात हे? ते त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की मनात पंधरा मिनिटं वजा करूनच त्या घड्याळ वाचायच्या. मीही कोणत्या तोंडानं हसू? आमच्या घरी अम्मीचं घड्याळ पाच मिनिटं पुढं आहे, आणि ते पाच मिनिटं पुढं आहे हे सगळ्यांना पाठ असल्यामुळे सगळे पाच मिनिटं उशिरा उठतात. या मुलुखात भिंतीवरचं घड्याळ खरं बोलतं असं कोणी धरूनच चालत नाही.

काका मात्र एकदम खचले. पत्ते तसेच सोडून उठले.

"म्हणजे इतके दिवस पोरीचा खाडा मीच करून राहिलो होतो." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "जिंदगीभर दुसऱ्याचा खाडा वाचवला, अन् घरच्याच पोरीचा..."

"जाऊ द्या बाबा, तुमाले काय माहीत," ताई म्हणाल्या. राग कुठल्या कुठे गेला होता.

"रफिक, मांगं कर ते. पण मंग मी त्याच्यावर बसणार नाई. माह्या घरात दोन टाइम मले पाह्यले जात नाई. ते पाहून माह्या हातानं पुन्हा होईन. त्याच्यापेक्षा बसतच नाई."

बोलून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मामला मिटला होता. मी टाइम मागं करायचा, बॅग उचलायची आणि घरी जायचं. पण ताई तशाच उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "भाऊ, पत्ते सुटले तं ते पुन्हा छताकडे पाहत बसतीन. ते मले नाई पाह्यवणार. काई करता येते का?"

मी सेटिंग उघडून बसलो. तिथं टाइम झोनची लांबलचक यादी असते, जगातल्या कुठल्या गावी किती वाजले त्याची. भारत निवडायला गेलं की हमखास बोट घसरून खालची एखादी ओळ निवडली जाते आणि गिऱ्हाईकाची आरडाओरड सुरू होते. कारण भारताच्या दोन ओळी खाली काठमांडू आहे. आणि नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा बरोबर पंधरा मिनिटं पुढं आहे.

मी एकटाच हसायला लागलो. काकूंना वाटलं, चहा मानवला नाही.

हे कसं चालतं ते सांगतो. कम्प्युटरच्या पोटात एकच टाइम असतो, सगळ्या जगाचा मिळून एक. त्यात आपल्या देशाचे तास मिळवून तो आपल्याला पडद्यावर दाखवतो. पुण्याचा वॉचमन पडद्याकडे बघतच नाही, तो पोटातला टाइम बघतो. काका पडद्यावरचा बदलायला जायचे, त्यात पोटातला बिघडायचा. आता पोटातला टाइम बरोबर ठेवायचा, आपोआपचा स्विच चालू ठेवायचा, आणि देश फक्त नेपाळ लावायचा. पडद्यावर पंधरा मिनिटं पुढं, पोटात एक सेकंदाचाही फरक नाही.

मी काठमांडूवर क्लिक केलं. पडद्यावरचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ शेजारी शेजारी एकच टाइम दाखवू लागली.

गॅलरीत जाऊन म्हटलं, "काका, बसा खुशाल पत्ते खेळत. घराचा टाइम तुमचा, ऑफिसचा टाइम ऑफिसचा. दोन्ही सांभाळले. फक्त आता हात लावाची गरज नाई."

काकांनी येऊन मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. मान डोलावली. "आता खरा शिकला तू," म्हणाले.

नेपाळचं मी त्यांना सांगितलं नाही. झेंडावंदनाला कॉलनीत सगळ्यात आधी हजर राहणारा माणूस, त्याला कसं सांगू की तुमचा कम्प्युटर मी परदेशी पाठवलाय? ताईंना मात्र स्वयंपाकघरात नेऊन कानात सांगितलं. त्यांनी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि किती तरी वेळ ओट्याला धरून हसत राहिल्या.

सोमवारी सकाळी मी स्वतःच्या इज्जतीखातर तिथं हजर झालो. ताईंच्या नवऱ्यानंही त्या दिवशी कृषी केंद्र उशिरा उघडायचं ठरवलं होतं. ताईंनी कम्प्युटर चालू केला. सॉफ्टवेअर जागं झालं, गोल गोल फिरलं, फिरतच राहिलं. मग पडद्यावर ताईंचं नाव आलं आणि कामाची यादी उघडली. ताईंनी दोन्ही हात तोंडावर धरले. डोळे भरून आले होते. "मी कुठी जात नाई," एवढंच म्हणाल्या, कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

काका मागं उभे राहून म्हणाले, "पाह्य, पहिल्या भोंग्यालेच हजर."

अर्धा तास बरा गेला. मी दुसऱ्या चहावर होतो. मग पुण्याहून फोन आला. तिथला कम्प्युटर विभागाचा अद्वैत नावाचा मुलगा. ताईंचा चेहरा पांढरा पडला. पुण्याशी बोलताना त्यांचं 'मले'चं 'मला' होतं, त्या दिवशी तेही होईना. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"सर, तुम्ही त्यांचे इंजिनिअर का?" अद्वैत म्हणाला. "मॅडमचं लॉगिन झालंय, पण मशीन काठमांडू दाखवतंय. मॅडम नेपाळला आहेत का? आमच्याकडे देशाबाहेरून काम करायला परवानगी नाहीये. मला हे वर कळवावं लागेल."

"कुठचं नेपाळ? अकोल्यात आहेत, माह्या समोर बसून आहेत. इंटरनेट कुठून येऊन राहिलं ते पाहा."

पलीकडे कीबोर्डची टकटक वाजली. "हो, अकोलाच दिसतंय. मग काठमांडू का?"

मी काकांपासून लांब, बाथरूमच्या घड्याळाखाली जाऊन उभा राहिलो आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. भोंगा, खाडा, स्टूल, लाल राणी, सगळं.

"आमच्या घरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे," तो म्हणाला. "बाबांनी लावलंय. हात लावला तर जेवत नाहीत."

"मंग तुमाले वेगळं काय सांगू."

"पण सर, मला तक्रार बंद करताना कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

"लिहा, कौटुंबिक कारण."

त्यानं तेच लिहिलं असावं. ताईंना पुण्याला जावं लागलं नाही. उलट गंमत अशी की मीटिंगची वेळही आता कम्प्युटर नेपाळच्या हिशेबानं दाखवतो. पुण्यात दहाची मीटिंग असली तर ताईंच्या पडद्यावर सव्वादहा, आणि तेव्हा भिंतीवरही सव्वादहाच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ताईंना मनात वजाबाकी करावी लागत नाही. काका रोज संध्याकाळी फेरी मारतात, कम्प्युटरशी थांबतात, मनगट बघतात आणि समाधानानं पत्ते उघडतात.

काही दिवसांनी काका माझ्या दुकानात आले. गिऱ्हाईकं होती, तरी सरळ काउंटरच्या आत येऊन स्टुलावर बसले.

"रफिक, कम्प्युटरच्या घड्याळाच्या सेटिंगमध्ये काठमांडू लिहून आहे. ते काय आहे?"

माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायच्या निमित्तानं मी बराच वेळ टेबलाखाली राहिलो. पण काका जाण्यातले नव्हते. शेवटी वर आलो आणि सांगून टाकलं. म्हटलं, काका, नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं आहे. ताईची नोकरीही राहावी आणि तुमचे पत्तेही राहावेत, म्हणून मी देश बदलला. राग आला असेल तर हवं ते बोला.

काका मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले. मग म्हणाले, "पूर्ण देश? तिथचं सरकार, कचेऱ्या, शाळा, सगळं पंधरा मिनिटं पुढं?"

"हाव काका. सगळं."

"अन् आपल्याइथं मले सगळे बह्याड म्हणत होते." ते उठले, टोपी नीट केली आणि माझ्या गिऱ्हाईकांकडे वळून म्हणाले, "शहाणे लोक आहेत ते."

तेव्हापासून घड्याळाची तक्रार आली की मी मदरबोर्ड उघडत नाही. आधी विचारतो, घरात वडीलधारं कोण आहे, आणि ते कुठून रिटायर झाले.